शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी: कार्टचा क्लच, स्प्रॉकेट आणि चेन

उद्या गो-कार्टची शर्यत आहे, तर पान्यांची पेटी उघडण्याआधी वही उघडा. मागच्या वेळी याच ट्रॅकवर पुढच्या स्प्रॉकेटला (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाला) किती दात होते, मागच्याला किती, टायर नवे होते की घासलेले, हे बघून घ्या. त्याखाली दोन आकडे हवेत: सरळ पट्ट्याच्या टोकाला आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) किती गेले आणि सर्वांत हळू वळणात किती उरले. पहिला आकडा सगळेच लिहितात. दुसरा फार थोडे लिहितात, आणि क्लच जळतो तो त्या दुसऱ्यापायी.

मी इथे चार स्ट्रोकचं, शू क्लचवालं कार्ट धरून चाललोय, म्हणजे वेगाने फिरताना शू बाहेर फेकले जाऊन भोवतीच्या ड्रमला आतून पकडतात असा क्लच. इंजिन ब्रिग्जच्या एलओ २०६ सारखं, ज्याला लिमिटर ६,१०० आरपीएमच्या वर जाऊ देत नाही.

क्लच उतरवा. ड्रमच्या आत निळी झाक दिसली तर तो कधीतरी भाजून निघालाय. शू काचेसारखे गुळगुळीत झाले असतील तर बारीक पॉलिश पेपरने फक्त चकाकी घालवा, मटेरियल खाऊ नका. मग ब्रेक क्लीनरने सगळं पुसा. ड्रमच्या बुशला तेल हवं, पण थेंबभरच. जास्तीचं तेल फिरताना थेट शूवर उडतं.

स्प्रिंगा सगळ्या एकाच संचातल्या आणि एकाच वयाच्या लावा. स्प्रिंग कडक असली की शू उशिरा बाहेर फेकले जातात आणि क्लच वरच्या आरपीएमला पकडतो. शूचं वजन वाढवलं की लवकर पकडतो. तापून तापून स्प्रिंग ढिली पडते, पकड हळूहळू खाली सरकते, आणि खापर फुटतं कार्ब्युरेटरवर. मी एकदा घाईत नव्या स्प्रिंगांबरोबर एक जुनी लावली होती. कार्ट सुटताना उचक्या देत निघालं, आणि मी पुढच्या दोन हीट (प्राथमिक फेऱ्या) कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसलो.

पकड नक्की कुठे येते ते मोजल्याशिवाय सोडू नका. इंजिन गरम झालं की कार्ट जमिनीवर उभं करा, समोर कोणी नको, चेनगार्ड लावलेलं असू द्या. ब्रेक पूर्ण दाबून थ्रॉटल पूर्ण उघडा आणि आरपीएम कुठे अडकतात तो आकडा वाचा. दोन सेकंद, बस. या दोन सेकंदांत सगळी ताकद उष्णता होऊन ड्रममध्ये जाते, म्हणून दुसऱ्यांदा बघायचं तर आधी गार होऊ द्या. अशा इंजिनात आकडा तीन हजारांच्या थोडा वर, म्हणजे जिथे टॉर्क (इंजिनची पिळाची ताकद) भरपूर असतो तिथे यावा. त्याखाली पकडला तर इंजिन गुदमरतं, फार वर पकडला तर क्लच घासत राहतो.

आता दात. पुढे १८ आणि मागे ६० म्हणजे गुणोत्तर ३.३३. मागचा एक दात वाढवला की त्याच वेगाला ६,००० च्या जागी ६,१०० होतात. पुढचा एक दात कमी केला तर मागचे साडेतीन वाढवल्यासारखं होतं, त्यामुळे बारीक जुळणी मागेच करायची. टायरही यात हात घालतो: मागच्या टायरचा व्यास २८० मिलीमीटरवरून २७६ वर आला की जवळपास एक दात वाढवल्याचा परिणाम होतो, तुम्ही पानाही उचललेला नसताना!

सरावाच्या फेरीनंतर, वेग आणि आरपीएम नोंदवणारा डेटा लॉगर असेल तर हळू वळणाचा आलेख मोठा करून बघा. थ्रॉटल उघडल्यावर वेगाची रेघ वर चढतेय, पण आरपीएमची रेघ क्लचच्या आकड्यावर सपाट पायरीसारखी थबकलीय, तर तिथे क्लच घसरतोय. पायरी जेमतेम दिसत असेल तर मागे एक-दोन दात वाढवून ती जाते. लांब असेल तर आधी एक टप्पा मऊ स्प्रिंग लावून बघा. नुसते दात वाढवत गेलात तर सरळ पट्ट्यावर ब्रेकच्या खुणेच्या कितीतरी आधी लिमिटर लागेल आणि शेजारचा निघून जाईल. दुसऱ्याच्या मागे चिकटून जाताना आरपीएम थोडे चढतात, तेवढी जागा राखून ठेवा. समोरून वारा सुटला तर एक दात वाढवायला माझी ना नसते.

चेनकडे शेवटी यायचं. ३५ नंबरच्या चेनचा पीच (दोन पिनांमधलं अंतर) ९.५२५ मिलीमीटर, २१९ ची त्याहून बारीक. दोन्हींचे स्प्रॉकेट एका पेटीत असतील तर वेगळे बांधून ठेवा. दोन-तीन दातांचा फरक इंजिन सरकवून भागतो, त्यापुढे चेनच्या कड्या कमी-जास्त कराव्या लागतात. पुढचा-मागचा स्प्रॉकेट सरळ पट्टी लावून एका रेषेत आणा. ढील एक ते दीड सेंटीमीटर, पण एक्सल फिरवत चार ठिकाणी बघा, कारण स्प्रॉकेट क्वचितच अगदी गोल बसलेला असतो. सगळ्यांत घट्ट जागा शोधून ढील तिथे मोजायचा. इंजिनचे बोल्ट आवळले की पट्टी पुन्हा लावा. आवळताना इंजिन हमखास एक केसभर वळतं.