मागचा पंख कुठाय? : फोटोवरून पतंग ओळखायला शिकताना

पहिल्या दीड वर्षात मी पतंगांच्या ६३ फोटोंना ‘युडोसिमा फॅलोनिया’ हे एका जातीचं नाव दिलं. नंतर त्यातल्या ५४ फोटोंवरचं नाव मी स्वतःच पुसलं. एका रविवारी, सकाळपासून दुपारपर्यंत, एकेक करून. पतंग चुकीचा होता असं नाही. काही फॅलोनियाच असतीलही. पण माझ्याकडे त्याचा पुरावा नव्हता, आणि दीड वर्ष मला ते कळलंही नव्हतं.

पतंगांचे फोटो काढायला लागून तुम्हाला चार-सहा महिने झाले असतील, तर तुम्हीही सध्या त्याच नशेत असणार. रात्री पांढरा पडदा लावायचा, दिवा लावायचा, शंभरेक फोटो काढायचे. सकाळी नेटवर तसंच दिसणारं चित्र शोधायचं आणि त्याच्याखालचं नाव आपल्या फोटोला चिकटवून मोकळं व्हायचं. मजा येते. घ्या मजा. पण त्या नावांना अजून ओळख म्हणू नका.

युडोसिमाचं नीट सांगते, कारण मी पडले ती याच खड्ड्यात. फळबागवाल्यांना हे पतंग ‘रस शोषणारा पतंग’ म्हणून चांगलेच माहीत आहेत. यांची सोंड टणक आणि टोकदार असते. पिकत आलेल्या फळाची साल भोकसून ते आतला रस ओढतात आणि त्या भोकापासून फळ सडायला लागतं. बसलेला असताना मात्र हा पतंग म्हणजे हुबेहूब वाळकं पान. पुढचे पंख अंगावर छपरासारखे मिटलेले, त्यावर पानाची शीर असावी तशी रेघ. मागचे पंख नारिंगी-पिवळे धमक असतात, पण ते या छपराखाली पूर्ण झाकलेले. आणि नेमकी तिथेच खूण असते. फॅलोनियाच्या मागच्या पंखावर जाड, काळा, स्वल्पविरामासारखा वळलेला डाग. युडोसिमाच्याच मॅटर्ना या दुसऱ्या जातीच्या मागच्या पंखावर सुटा गोल ठिपका. होमेना या तिसरीला पुन्हा स्वल्पविरामच, म्हणजे नुसता तो दिसूनही काम संपत नाही.

माझ्या ६३ फोटोंपैकी मागचा पंख दिसत होता तो फक्त नऊ फोटोंत.

हे मला दाखवलं एका जुन्या अभ्यासकांनी. मी कौतुकाने एक फोटो पुढे केला. खरंच सुंदर होता, पानाची शीर न् शीर दिसत होती. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिला आणि विचारलं, “मागचा पंख कुठाय?”

“दिसत नाहीये, सर. बसलेला आहे ना.”

“मग नाव कशावरून दिलंत?”

मी म्हटलं, पुढच्या पंखावरून. त्यांनी स्वतःच्या संगणकावर फॅलोनियाचेच दोन फोटो शेजारी-शेजारी ठेवले, एक नर आणि एक मादी. पुढचे पंख इतके वेगळे, की मी ते दोन जातींचे म्हणून शपथेवर सांगितले असते. मग गोम माझ्या लक्षात आली. एकाच जातीतला नर-मादीचा फरक मी दोन जातींमधला फरक समजत होते, आणि दोन जातींमधलं साम्य एकाच जातीचं म्हणून खपवत होते. मुरलेले लोक पुढच्या पंखावरूनही बरंच सांगतात, नाही असं नाही. पण त्यामागे शेकडो नमुने हाताळलेले असतात. माझ्यामागे होता एक मोबाइल.

तेव्हापासून मी प्रश्नच उलटा केला. ‘हा कशासारखा दिसतो?’ हे दुसऱ्या नंबरवर गेलं. पहिलं हे, की या जातीची खूण शरीरावर नेमकी कुठे असते आणि तो भाग माझ्या फोटोत आहे का? नसेल तर फोटो कितीही देखणा असू दे, जातीचं नाव द्यायचं नाही. हे मी पुन्हा सांगतेय, कारण मला स्वतःला ते चार वेळा सांगावं लागलं होतं. फोटो सुंदर असणं आणि फोटो उपयोगी असणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. माझा सर्वांत उपयोगी फोटो हलला आहे, अर्धा दिव्याच्या झोतात पांढराफटक पडला आहे, पण कोपऱ्यात मागच्या पंखाचा गोल ठिपका आहे.

कवटीवाल्या पतंगाचंही तेच. पाठीवर कवटी दिसली की आपला शोध थांबतो. पण अ‍ॅकेरॉन्शियाच्या तिन्ही जातींच्या पाठीवर कवटी असते. अ‍ॅट्रोपॉस युरोप-आफ्रिकेकडचा, तो बाजूला ठेवा. आपल्याकडे उरतात स्टिक्स आणि लॅकेसिस. लॅकेसिसच्या मागच्या पंखाच्या मुळाशी मोठा काळा डाग असतो, स्टिक्सचा पंख तिथे पिवळा असतो. म्हणजे पुन्हा मागचाच पंख! कवटीचे क्लोज-अप काढून काय उपयोग? मी बारा काढले होते.

काही ठिकाणी तर मागचा पंख दिसूनही भागत नाही. हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, म्हणजे आपल्या घाटेअळीचा पतंग, आणि त्याची भावकी असलेला असल्टा यांचं खात्रीचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियं पाहून मिळतं. अमाटा हे गांधीलमाशीसारखे दिसणारे पतंग. त्यांच्या पंखांवरच्या पारदर्शक खिडक्या आणि पोटावरचे पट्टे मोजता मोजता मी एकदा रडकुंडीला आले होते, कारण एकाच जातीतही ते कमी-जास्त भरतात. अशा वेळी ‘अमाटा, जात ठरली नाही’ असं लिहून झोपायला जायचं. त्यात कमीपणा नाही. हे पटायला मला फार वेळ लागला, तुम्ही लावू नका.

दुसरा घोळ जागेचा, आणि तो नेटवर शोधणाऱ्या प्रत्येकाचा होतो. जपान, तैवान, हाँगकाँग इथल्या पतंगांचे फोटो खूप निघालेत आणि नीट नावानिशी निघालेत. त्यामुळे मिळतंजुळतं चित्र शोधलं की उत्तर बहुतेक तिकडून येतं. पतंग मात्र तुमच्या पडद्यावर बसलेला असतो. चीन-तैवानकडचा मूनमॉथ एकेकाळी भारतातल्या अ‍ॅक्टियस सेलेनीचीच उपजात मानला जायचा, आता त्याला निंगपोआना ही वेगळी जात मानतात. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या अ‍ॅटलस पतंगाला आता अ‍ॅटॅकस टॅप्रोबॅनिस म्हणतात, पण फोटोंखाली अजूनही सर्रास ‘अ‍ॅटॅकस अ‍ॅटलस’ लिहिलेलं सापडतं. नाव ठरवण्याआधी त्या जातीचा नकाशा बघा. एक मिनिट लागतं.

फोटोवरून नाव सुचवणाऱ्या अ‍ॅपबद्दल माझं मत जरा कडवट आहे. अ‍ॅप कुळ किंवा जीनस (युडोसिमासारखा जवळच्या जातींचा गट) सुचवतं तिथवर उत्तम. जात सुचवलीन् तर ती अफवा समजायची. तिच्यावर ‘सहमत’चं बटण दाबणारे लोक अ‍ॅपपेक्षा धोक्याचे, कारण एकाने अंदाज मारला, दुसऱ्याने न बघता मान डोलावली की ते नाव पक्कं दिसायला लागतं आणि उद्या अ‍ॅप त्याच फोटोवरून शिकतं. मीही अशा किती ठिकाणी मान डोलावली असेल, देव जाणे.

कुळ मात्र बसण्याच्या ढबीवरून लवकर हाताला लागतं, यात अजिबात घाबरू नका. पंख पसरून पडद्याला चिकटलेला बहुधा जिओमेट्रिडी. इंग्रजी टी अक्षरासारखा काटकुळा दिसला तर टेरोफोरिडी. लढाऊ विमानासारखा मागे वळलेला तो स्फिन्जिडी. लांब पाय आणि पुढे आलेलं नाक असेल तर बहुतेक वेळा क्रॅम्बिडी. महिनाभरात हे डोळ्यात बसतं. सुरुवात स्फिन्जिडीपासून करा, असं माझं आग्रहाचं मत आहे. हे पतंग मोठे असतात, खुणा ठळक असतात आणि त्यांच्यावर काम भरपूर झालंय. बारीक तपकिरी पतंगांच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. मी लागले होते. त्या फोल्डरचं नाव अजूनही ‘कचरा’ आहे.

जुने ग्रंथ उघडाल तेव्हा नावांनी गांगरू नका. जॉर्ज हॅम्पसन यांचे ब्रिटिश भारतातल्या पतंगांवरचे चार खंड १८९२ ते १८९६ या काळात आले. त्यातली वर्णनं आजही कामाला येतात, पण आपला युडोसिमा तिथे ‘ऑफिडेरिस’ म्हणून आहे, मधल्या काळात तो ‘ओथ्रेइस’ही होता. आर्क्टिइडी आणि लिमँट्रिइडी ही मोठी कुळं आता इरेबिडीत उपकुळं म्हणून गेलीत. मी एक अख्खी संध्याकाळ ‘युडोसिमा’ शोधण्यात घालवली आणि पतंग त्याच खंडात दुसऱ्या नावाने बसला होता.

फोटोचं थोडक्यात. एका पतंगाचे किमान चार फोटो हवेत: वरून, बाजूने, तोंडासमोरून आणि जमलं तर काचेवर बसला असताना खालून. पडद्यावर आलेखकागदाचा तुकडा टाचून ठेवा. फोटोत पाच मिलिमीटरचा आणि पन्नास मिलिमीटरचा पतंग सारखेच दिसतात, आणि मी खरोखर एकदा तसं फसले आहे. पांढऱ्या पडद्यामुळे कॅमेरा फसतो आणि पतंग काळपट येतो, म्हणून एक्स्पोजर थोडं वर न्यायचं. अतिनील दिव्याच्या उजेडातल्या रंगावर विश्वास ठेवू नका, आणि त्या दिव्याकडे टक लावून बघूही नका. पौर्णिमेच्या आसपास पडदा ओस पडला तर आपलं काही चुकलं असं वाटून घेऊ नका.

मागचा पंख हवा असेल तर गवताच्या काडीने पुढच्या पंखाला अगदी हलका स्पर्श करायचा. युडोसिमा दचकून पंख उघडतो, नारिंगी झळकतं आणि मिटतं. सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा, तेव्हा कॅमेरा बर्स्टवर, म्हणजे सलग फोटो काढण्यावर, ठेवून मगच काडी उचला. बोटाने धरू नका. पंखांवरचे खवले बोटाला लागतात आणि ज्या खुणा बघायच्या त्याच पुसल्या जातात.

विचारायचं कुणाला? फोटो टाकल्यावर पाच सेकंदांत लॅटिन नाव फेकणारे भेटतील. त्यांचे आभार माना आणि विचारा, ‘कशावरून?’ जो चिडेल त्याला सोडून द्या. जो म्हणेल, ‘थांबा, मलाही बघावं लागेल,’ त्याला धरून राहा. मला असे दोघंच भेटले. त्यातल्या एकांनी तर माझ्या पहिल्या तीसही फोटोंवर ‘सांगता येणार नाही’ एवढंच लिहिलं होतं. तेव्हा मला तो माणूस खडूस वाटला होता.

त्यांनीच सुचवलं की अळीपासून सुरू करा. गुळवेलीवर मला एक काळपट अळी सापडली, अंगाच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके असलेली. हात जवळ नेला की डोकं पोटाखाली घालून मागचा भाग वर उचलायची. बरणीत ठेवून रोज ताजी पानं देत गेले. एक दिवस तिने दोन पानं रेशमाने शिवली आणि आत कोष केला. गुळवेलीवर फॅलोनियाही होतो आणि मॅटर्नाही, त्यामुळे वहीत नुसतं ‘युडोसिमा’ लिहून ठेवलं. तेराव्या रात्री झाकणाला उलटा लटकून पंख सुकवत असलेला पतंग दिसला. पुढचे पंख अजून ओले, चुरगळलेले होते आणि मागचे त्यांच्याखालून बाहेर आले होते. स्वल्पविराम नव्हता. गोल ठिपका होता.