मान आणि पाठ दुखते तेव्हा श्वासाकडेही पाहावे, ते कसे?

मान आखडली की आपण उशी बदलतो, कंबर धरली की पट्टा विकत आणतो आणि उसण भरली तर अजूनही काही घरांत पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाचा शोध घेतला जातो. पायाळूने पाय लावला की उसण जाते हा समज इतकी वर्षे टिकला, याचे कारण फारसे गूढ नाही. अचानक उद्भवलेली बहुतेक पाठदुखी काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय मात्र त्या सुमारास जो उपाय केलेला असतो त्याला मिळते. या लेखातील उपायालाही हेच लागू आहे, हे आधीच सांगितलेले बरे. श्वास सुधारल्याने प्रत्येक दुखणे जात नाही. परंतु दिवसभर चुकीच्या स्नायूंनी श्वास घेत राहिल्याने मानेवर आणि पाठीवर जो जादा भार पडतो, तो कमी करणे आपल्या हाती असते आणि त्याला खर्च काहीच येत नाही.

आधी धोक्याच्या खुणा पाहाव्यात

लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, लघवी अडणे, मांड्यांच्या आतील भागात व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही पाठदुखीसोबत आढळल्यास त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला रुग्णालयात जावे. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, ताप, कारण नसताना घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग, विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची कळ, हातातून वस्तू निसटणे किंवा चालताना तोल जाणे, या लक्षणांसाठीही डॉक्टरांची तपासणी अगोदर आणि व्यायाम नंतर. छातीत दाब येऊन दुखणे मान, जबडा, पाठ किंवा हाताकडे पसरत असेल, घाम फुटत असेल किंवा अचानक धाप लागली असेल, तर ती मानदुखी समजून चोळत बसू नये. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो.

यांपैकी काही नसेल, तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरातील सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के प्रकारांत एखादा ठरावीक आजार किंवा इजा कारण म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे एमआरआयच्या अहवालात ‘चकतीची झीज’ (चकती म्हणजे दोन मणक्यांमधील गादी) असे शब्द दिसले म्हणून हातपाय गाळू नयेत. ज्यांना काहीही दुखत नव्हते अशा लोकांच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा वयाच्या विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांत चकतीची झीज आढळली होती. केस पिकतात तशाच चकत्याही झिजतात. ‘मणका सरकला’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज उच्चारले जाते आणि ते ऐकून माणूस वाकायचेच सोडून देतो, हे नुकसान पुष्कळदा मूळ दुखण्यापेक्षा मोठे ठरते.

श्वासाचा मणक्यांशी संबंध

कण्यामध्ये मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ मणके असतात व त्यांच्या खाली माकडहाडापर्यंतचा जुळलेला भाग असतो. पाठीच्या १२ मणक्यांना बरगड्यांच्या १२ जोड्या सांध्यांनी जोडलेल्या असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर हे सांधे थोडेसे हलतात. श्वासाचे मुख्य काम श्वासपटल करते. हा घुमटाच्या आकाराचा स्नायू खालच्या बरगड्यांच्या आतल्या कडेला आणि मागे कमरेच्या वरच्या मणक्यांना चिकटलेला असतो. श्वास आत घेताना तो खाली उतरतो, पोट व खालच्या बरगड्या फुगतात आणि फुप्फुसांत हवा येते. त्याला आज्ञा देणारी नस मात्र मानेतून, मुख्यतः तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या पातळीवरून निघते. मान आणि कंबर अशी श्वासाची दोन्ही टोके कण्यातच आहेत.

मानेच्या बाजूचे काही स्नायू वरच्या बरगड्यांना आणि गळ्याजवळच्या हाडांना जोडलेले असतात. धावताना, जिना चढताना किंवा दमा उसळल्यावर छातीचा पिंजरा वर उचलून ते मोठी मदत करतात. हे मदतनीस आहेत, कायमचे कामगार नव्हेत. अजपाजपाच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या श्वासालाच जप मानण्याच्या, परंपरेत दिवसभरातील श्वासांची संख्या २१,६०० सांगितली आहे. ती मिनिटाला नेमके १५ श्वास धरून येते आणि आजचे वैद्यकशास्त्रही विश्रांतीत असलेल्या प्रौढाचा वेग साधारणपणे मिनिटाला १२ ते २० असाच मानते. इतक्या वेळा खांदे किंचित वर ओढून श्वास घेतला गेला, तर संध्याकाळी मान दगडासारखी होण्यात नवल नाही.

पहिली पायरी : आपला श्वास तपासणे

चटईवर उताणे झोपून गुडघे वाकवावेत, एक हात छातीवर आणि दुसरा बेंबीच्या वर ठेवावा. श्वास मुद्दाम न बदलता एक मिनिट मोजावा. छातीवरचा हात आधी व जास्त हलतो की पोटावरचा, हे पाहावे. लक्ष दिले की श्वास बदलतोच, म्हणून पहिले मिनिट सोडून द्यावे आणि दुसऱ्या मिनिटाची नोंद धरावी. घरातील कुणाला आपल्या नकळत मोजायला सांगितले तर आकडा अधिक खरा मिळतो.

नंतर आरशासमोर बसावे. साधा श्वास घेताना गळ्याजवळची हाडे वर जात असतील, मानेच्या बाजूच्या शिरा ताणलेल्या दिसत असतील किंवा खांदे उचलले जात असतील, तर मानेचे मदतनीस स्नायू बसल्या बसल्याही राबत आहेत असे समजावे. तिसरी तपासणी कामाच्या वेळेची आहे आणि तीच बहुतेकांना चकित करते. सुईत दोरा ओवताना, हिशेब जुळवताना, फोनवर आलेला लांब संदेश वाचताना आपण श्वास रोखून धरतो का, याकडे दोन दिवस लक्ष ठेवावे.

कपडेही पाहावेत. परकराची किंवा सलवारीची करकचून बांधलेली नाडी आणि घट्ट पट्टा पोटाला फुगू देत नाहीत. ‘छाती पुढे, पोट आत’ ही शाळेतील कवायतीची आज्ञा आपल्यापैकी अनेकांनी आयुष्यभराची सवय करून घेतली आहे. ती कवायतीपुरती ठीक होती.

दुसरी पायरी : झोपून सराव

त्याच स्थितीत, डोक्याखाली पातळ उशी घेऊन, खालच्या बरगड्यांभोवती एक ओढणी सैल गुंडाळावी आणि तिची टोके हातांत धरावीत. नाकाने हळू श्वास घ्यावा आणि ओढणी दोन्ही बाजूंना व पाठीकडेही किंचित ताणली जात आहे का, ते अनुभवावे. पोट जोराने बाहेर ढकलायचे नाही. ती नक्कल झाली, श्वास नव्हे. मनात चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडण्याला अधिक वेळ दिला की शरीर सैलावते. सकाळी व रात्री प्रत्येकी पाच मिनिटे पुरेशी आहेत.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. खोल खोल श्वास घेऊन शरीरात जास्त प्राणवायू भरता येतो, असे सर्रास सांगितले जाते. निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायूची पातळी साध्या श्वासातही ९५ टक्क्यांच्या वरच असते, त्यामुळे तेथे फारसे भरायला जागाच नसते. उलट भराभर आणि फार खोल श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर घटतो, डोके हलके होते, ओठांना व बोटांना मुंग्या येतात. असे झाल्यास सराव थांबवून नेहमीसारखा श्वास घ्यावा. पाठ तीव्र दुखत असताना कपालभाती व भस्त्रिका टाळावीत, कारण त्यांतील झटक्यांनी पोटातील दाब एकाएकी वाढतो. दमा, फुप्फुसांचा जुना विकार किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. गर्भारपणाच्या नंतरच्या महिन्यांत उताणे न झोपता कुशीवर सराव करावा.

नाकाने श्वास घेण्याचा आग्रह अशासाठी की नाक हवा गाळते, कोमट करते आणि ओलसर करते. नाक कायम चोंदलेले असेल तर मात्र आग्रह सोडून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

तिसरी पायरी : खुर्ची, ओटा आणि दुचाकी

झोपून जमलेला श्वास उठल्यावर हरवतो, म्हणून खरे काम या पायरीत आहे. एक छोटा प्रयोग करून पाहावा. खुर्चीत पुढे पोक काढून, हनुवटी पुढे नेऊन खोल श्वास घेण्याचा प्रयत्न करावा. नंतर बैठकीच्या दोन्ही हाडांवर समतोल बसून, पाठीला आधार देऊन तोच श्वास घ्यावा. पहिल्या स्थितीत पोट दबते, श्वासपटलाला उतरायला जागा उरत नाही आणि छाती वर ओढावी लागते. त्यातच सुमारे पाच किलो वजनाचे डोके पुढे झुकलेले असते, ते मागून धरून ठेवण्याचे कामही मानेवरच पडते.

पडदा डोळ्यांच्या पातळीजवळ आणावा, कोपरांना आधार द्यावा आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने उठावे. कोणतीही बैठक कितीही चांगली असली तरी दोन तास तशीच ठेवली की ती वाईटच ठरते. सरळ बसण्याच्या नादात ताठ बसणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

श्वासाची आठवण ठेवण्यासाठी फोनवर गजर लावण्यापेक्षा रोजच्या खुणा अधिक उपयोगी पडतात. ओट्यापाशी उभे असताना कुकरची शिट्टी झाली की खांदे सोडावेत आणि एक लांब श्वास बाहेर टाकावा. दुचाकीवर लाल दिवा लागला की हँडलवरची पकड सैल करावी आणि तेच करावे. खड्ड्यांच्या रस्त्यावर खांदे कानांपर्यंत कधी पोहोचतात हे कळतही नाही. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून बोलणे मात्र पूर्णपणे बंद करावे.

वजन उचलताना श्वासपटल, पोटाचे स्नायू आणि ओटीपोटाचा तळ मिळून आतून कण्याला आधार देतात. गॅसचा भरलेला घरगुती सिलिंडर सुमारे ३० किलोंचा असतो. तो हलवताना शरीराजवळ धरावा, गुडघे व नितंबांतून वाकावे आणि उचलण्याच्या क्षणी श्वास सोडावा. रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडून जोर लावणे विशेषतः टाळावे.

चौथी पायरी : हालचाल आणि झोप

अंथरुणाला खिळून राहिल्याने पाठदुखी लांबते, म्हणून पहिले एक-दोन दिवस सोडले तर सोसेल तितके चालावे. जुनाट कंबरदुखीसाठी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत व्यायामावर भर आहे आणि कंबरेचे पट्टे नेहमीचा उपचार म्हणून वापरू नयेत, असे म्हटले आहे. दररोज २० ते ३० मिनिटे चालणे, श्वास सोडत मान सावकाश दोन्ही बाजूंना पाच-पाच वेळा वळवणे आणि हातागुडघ्यांवर येऊन मार्जारासनात श्वास घेताना पाठ खाली, सोडताना वर नेणे, एवढ्याने सुरुवात करावी. किंचित ओढ लागणे चालते. पायात किंवा हातात कळ उतरू लागली तर तो व्यायाम थांबवावा.

कुशीवर झोपताना खांदा आणि कान यांतील अंतर भरेल इतकी उशी घ्यावी व गुडघ्यांमध्ये दुसरी ठेवावी. पालथे झोपल्यास मान रात्रभर एकीकडे वळलेली राहते.

एक वही करावी. तीत रोज रात्री मिनिटाचे श्वास, दुखण्याला दहापैकी किती गुण, किती मिनिटे चालणे झाले आणि दुखणे कोणत्या कामानंतर वाढले, एवढ्या चारच गोष्टी लिहाव्यात. तीन आठवड्यांनी पहिल्या पायरीतील तपासण्या पुन्हा कराव्यात. सहा आठवड्यांतही उतार पडला नाही किंवा मधल्या काळात दुखणे हातापायांत उतरू लागले, तर डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना भेटावे आणि जाताना ही वही सोबत न्यावी.