थर्टीफर्स्टला गच्चीवर ग्रिल लावताय? आधी राख काढा

मागच्या थर्टीफर्स्टला आमच्या गच्चीवर 11 माणसं, 4 किलो मॅरिनेट केलेलं चिकन आणि एक गार पडलेलं ग्रिल असा कार्यक्रम झाला. साडेदहाला शेवटी बिर्याणी मागवली, ती पावणेबाराला आली, आणि चिकन (आइसबॉक्समध्ये होतं म्हणून वाचलं) दुसऱ्या दिवशी कुकरमध्ये गेलं. तेव्हापासून ही यादी डोक्यात घोळतेय, यंदा लिहूनच टाकतो. ग्रिल म्हणजे ते छोटं गोल झाकणवालं, ज्याला केटल म्हणतात, 14 इंची, तीन आखूड पाय. तुमचं 18 किंवा 22 इंची असेल तर कोळसा त्या हिशोबाने वाढवा, बाकी सगळं तेच.

तर पहिलं काम. चिकन आणायच्या आधी, माणसं बोलवायच्या आधी, आदल्या दिवशी उजेडात: ग्रिलच्या पोटातली जुनी राख काढा. वरवर नाही, तळाची भोकं दिसेपर्यंत. आम्ही ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली तेव्हा एकदा कणसं भाजली होती, आणि नंतर झाकण लावून ग्रिल टाकीखाली ढकलून दिलं, राख आतच. राख पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेते, तिचा आधी चिखल होतो, नंतर दिवाळीपर्यंत तो वाळतो आणि मग सिमेंट. भोकं उघडायची-मिटायची जी पत्र्याची पट्टी असते ती माझ्या ग्रिलला बाहेरून, तळाखाली आहे, ती बिचारी मजेत फिरत होती, आणि मी आपला समजतोय की उघडलं. आतून तिन्ही भोकं लिंपलेली. म्हणून पट्टी फिरली म्हणजे भोक उघडलं असं समजू नका, खालून मोबाईलचा टॉर्च मारा आणि वरून उजेड दिसतो का बघा. नाही दिसला तर उलथनं घ्या आणि खरवडा.

आणि गंमत बघा, कोळसा पेटला होता एकदम झकास, कारण तो आधी वेगळ्या पत्र्याच्या नळकांड्यात पेटवतात आणि त्याला स्वतःची हवा असते. ग्रिलमध्ये ओतला, चिकन लावलं, झाकण घातलं, दहा मिनिटांनी बघतो तर निखारे काळे. झाकण काढून मेव्हण्याने पुठ्ठ्याने वारा घातला की परत लाल, झाकण लावलं की परत काळे, असं तासभर. सगळ्यांचं एकमत झालं की कोळसा ओला दिलाय, मी दुसऱ्या दिवशी कोळसेवाल्याला फोन करून नको ते बोललो, आणि संध्याकाळी ग्रिल धुवायला उलटं केलं तर आतून काही पडेचना. तेव्हा ट्यूब पेटली. त्या माणसाची नंतर माफी मागितली, तो म्हणाला जाऊ द्या साहेब, थर्टीफर्स्टला सगळेच बोलतात. तुम्ही ही खूण लक्षात ठेवा: उघड्यावर लाल आणि झाकणाखाली काळं म्हणजे कोळसा चांगलाय, हवा नाहीये.

या केटलचं सगळं गणितच हवेवर आहे. खालून हवा आत, झाकणाच्या भोकांतून धूर बाहेर. हे यंत्र काढलं जॉर्ज स्टीफन नावाच्या शिकागोकडच्या माणसाने, 1952 साली, तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि तिथे पाण्यात तरंगणारे मोठे बोये बनायचे, त्यातला एक गोळा अर्धा कापून त्याने खाली भांडं आणि वर झाकण केलं. सांगतात की पहिल्यांदा झाकण लावल्यावर त्याचाही विस्तव मरायला लागला आणि शेजारी म्हणाला अरे आत हवा तर जाऊ दे, मग भोकं पाडली. म्हणजे ज्याने केटल शोधलं त्याचीही पहिली चूक माझीच. बरं वाटलं वाचून.

कोळसा. तंदूरवाले वापरतात तो लाकडी, किंवा करवंटीच्या कोळशाच्या विटा. लाकडी लवकर पेटतो, जास्त तापतो, ठिणग्या उडवतो आणि लवकर संपतो. विटा पेटायला रडवतात पण मग एकसारख्या जळतात, नवशिक्याने त्याच घ्याव्या. 14 इंचीला एका वेळी पाऊण किलो पुरतो, तो साधारण तासभर चांगला तापतो. आठ-दहा माणसं असतील तर अशा तीन खेपा धरा आणि 5 किलोची पिशवी आणा, उरला तर नासत नाही. पिशवीच्या तळाचा चुरा ग्रिलमध्ये ओतू नका. का? तोही फटी बुजवतो. हवा. परत तेच. आणि कोळसा महिनाभर गॅलरीत पडून असेल तर आदल्या दिवशी उन्हात पसरा, दमट कोळसा नुसता धुमसतो.

पेटवायला ते पत्र्याचं नळकांडं घ्या, चिमणी स्टार्टर म्हणून मिळतं, नसेल तर हा एक खर्च कराच. खाली वर्तमानपत्राचे दोन कागद सैल चुरगळून त्यावर चमचाभर खायचं तेल शिंपडा, तेलाने कागद वातीसारखा हळू जळतो. वर कोळसा. 20-25 मिनिटांत वरच्या तुकड्यांवर राखाडी साय धरली की तयार. रॉकेल नको, पेट्रोल तर अजिबात नको, पेटत्या कोळशावर तर मेलात तरी नको. मागे आमच्या एका काकांनी धुमसत्या शेगडीवर रॉकेलची बाटली उपडी केली होती, भुवया परत यायला दोन महिने लागले. आणि नळकांडं गच्चीवर नुसतं ठेवू नका, ग्रिलमधल्या खालच्या जाळीवरच ठेवून पेटवा.

जागा. उघडी गच्ची, अंगण, शेत. गॅलरी नाही, बंद पार्किंग नाही, पाऊस आला म्हणून जिन्यात घेतलं असं तर नाहीच नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, दर थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या येतात, त्या वाचून सोडून देऊ नका. विझतंय असं वाटणारं ग्रिलसुद्धा घरात आणायचं नाही. छोट्या केटलचे पाय आखूड, त्यामुळे खालची जमीन सडकून तापते, गच्चीवर डांबराचं वॉटरप्रूफिंग असेल तर ते वितळून चिकटतं आणि मग सोसायटीचे सेक्रेटरी. खाली शहाबादी फरशीचा तुकडा किंवा विटा. प्लॅस्टिकचं टेबल नको, हे सांगावं लागू नये पण मी पाहिलंय. शेजारी पाण्याची बादली.

हत्यारं: लांब चिमटा दोन, एक कच्च्याला एक शिजलेल्याला, चामड्याचे हातमोजे, हेडलॅम्प (डिसेंबरात सव्वासहालाच अंधार पडायला लागतो, आणि मोबाईल तोंडात धरून चिकन पलटता येत नाही), ताटं, फॉइल, मीठ. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळाला तर घ्या, चिकनच्या जाड भागात हाडाला न टेकवता खुपसायचा, 74 अंश सेल्सिअस झालं की खायला हरकत नाही, तंगडी 80 च्या पुढे गेली तर आणखी मऊ लागते. अंदाजाने कापून बघणारे लोक आहेत, मीही होतो, अंधारात आतला रंग घंटा दिसत नाही.

आणि राख काढली का? नुसतं हो म्हणू नका, जाऊन बघा. माझ्या मुलीने ग्रिलच्या कव्हरवर मार्करने 'बाबा राख' असं लिहून ठेवलंय, पाहुण्यांना वाटतं काहीतरी आध्यात्मिक आहे.

खाण्याचं. आधी कॅलेंडर बघा, मार्गशीर्षातला गुरुवार निघाला तर निम्मे लोक पनीरवर येतात आणि तुमचं 4 किलोचं गणित बोंबलतं. शाकाहारी मंडळी असतील तर त्यांचं पहिलं भाजा, स्वच्छ जाळीवर, चिकनचा थेंब पडायच्या आधी, नंतर 'पुसून घेतलंय हो वहिनी' म्हणण्यात अर्थ नाही. पनीर, सिमला मिरची, कांदा, कणसं. रताळी आणि भरताचं वांगं फुकटात होतात, कडेला पडू द्या. चिकनला दही, आलं-लसूण, लिंबू, तिखट, तुमचं काय असेल ते, फक्त साखर किंवा मध सुरुवातीला लावू नका, चिकन शिजायच्या आत वरून कोळसा होतो. मध शेवटच्या पाच मिनिटांत. मॅरिनेशन फ्रीजमध्ये, गच्चीवर आइसबॉक्समध्ये, लागेल तसं काढा. दह्याचं जाडजूड लिंपण झटकून मगच जाळीवर, नाहीतर ते ठिबकून निखारे विझवतं आणि राखेत मिसळून खाली परत तोच चिखल.

आता लावायचं. निखारे सगळीकडे पसरू नका, अर्ध्या बाजूला लोटा, अर्धी बाजू रिकामी. 14 इंचात हे दाटीवाटीचं वाटतं पण त्याशिवाय चिकन होत नाही, कारण छोट्या ग्रिलमध्ये जाळी निखाऱ्यांच्या अगदी डोक्यावर असते, बाहेरून जळतं आणि आत कच्चं. तंगड्या रिकाम्या बाजूला, एका वेळी सहा, फार तर सात. झाकणाची भोकं तंगड्यांच्या बाजूला येतील असं झाकण फिरवा, म्हणजे धूर आणि गरम हवा मांसावरून जाते. खालची भोकं पूर्ण उघडी ठेवून सुरुवात करा, फार तापलं तर खालून अर्धी मिटा. वरची मिटू नका, धूर कोंडला की चिकनला कडवट काजळीची चव येते. आणि तळाची भोकं खरोखर उघडी आहेत ना? हो, परत विचारतोय.

जाळी दहा मिनिटं तापू द्या, मग अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून जाळीवर घासा, साफही होते आणि चिकटतही नाही. तारेचा ब्रश वापरत असाल तर त्याच्या सुटलेल्या तारा बघून घ्या, त्या जेवणात जातात.

झाकण लावलं की हात मागे. जो तो येऊन उचलून बघतो, झालं का झालं का, प्रत्येक वेळी आतली गरम हवा जाते, आणि वर निखाऱ्यांना मोकळी हवा मिळून ते भडकतात, म्हणजे चिकन मागे पडतं आणि कोळसा पुढे संपतो. एका माणसाला झाकणाचा ताबा द्या, बाकीच्यांना कांदा चिरायला बसवा. चरबी पडून जाळ उठला तर पाणी मारू नका, तंगड्या रिकाम्या बाजूला सरकवा आणि झाकण घाला, बसतो. 35-40 मिनिटं, मधे एकदा पलटा, शेवटी दोन-तीन मिनिटं निखाऱ्यांच्या वर धरून साल कुरकुरीत करा.

दुसरी खेप: पहिली अर्ध्यात असतानाच नळकांड्यात नवा कोळसा पेटवायला ठेवा, विटांवर, बाजूला. पहिला संपल्यावर सुरू केलात तर भुकेली माणसं तुमच्याकडे बघत बसतात ती 25 मिनिटं फार लांब असतात. छोट्या ग्रिलची जाळी अख्खी उचलावी लागते, दोन माणसं हवीत. ओतायच्या आधी खालची पट्टी दोन-तीनदा इकडून तिकडे फिरवा, ताजी राख झडते.

तिसरी खेप तशीच. शिजलेलं कच्च्याच्या ताटात ठेवू नका. पाच मिनिटं फॉइलखाली, मग वाढा. पाव शेवटच्या धगीवर. 

संपल्यावर खालची-वरची सगळी भोकं बंद, कोळसा आपोआप विझतो आणि अर्धा जळलेला पुढच्या वेळी चालतो. राख त्या रात्री कचऱ्यात टाकू नका, सकाळपर्यंत आत धग असते, प्लॅस्टिकचा डबा जातो. सकाळी पत्र्याच्या डब्यात. पण सकाळी म्हणजे सकाळीच, मकर संक्रांतीला नाही. ओली राख खार सोडते, आजी तिनेच भांडी घासायची, आणि तोच खार बसून बसून पत्रा खातो. जाळी घासा, कोरडी करा, भांडं आतून फडक्याने पुसा, टॉर्च मारा, तीन भोकं मोजा. मग कव्हर.