प्रोसेसरवर कॉम्प्रेसर लावताय? मग या चुका टाळा

रविवारी सकाळी माझ्याकडे पोरं गिटार शिकायला येतात, जुळे सोलापूरहून, सोलापूरच्या पूर्व भागातून, एकजण तर अक्कलकोटहून एसटीनं येतो, आणि हल्ली सगळ्यांच्या पाठीवर गिटारसोबत प्रोसेसर, म्हणजे गिटारच्या इफेक्ट्सचा डबा, असतोच. कंपनी झूम असू दे, बॉस असू दे नाहीतर व्हॅलेटन, पॅच (सेव्ह केलेलं सेटिंग) उघडला की पहिल्याच खान्यात कॉम्प्रेसर बसलेला आणि त्याचे नॉब सगळे उजवीकडे. कशाला लावलास विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर, ऑन केला की भारी वाटतं."

भारी वाटतं कारण आवाज वाढलेला असतो, एवढंच. कॉम्प्रेसर आधी मोठा आवाज दाबतो आणि मग लेव्हलचा नॉब सगळ्यालाच वर उचलतो. कानाला जरा मोठं ऐकू आलं की ते चांगलंच वाटतं, माझ्याही कानाला वाटतं, तुमच्याही. म्हणून माझी सवय अशी आहे की एकच कॉर्ड वाजवत राहायची आणि पायानं कॉम्प्रेसर ऑन-ऑफ करत राहायचं, दहा-बारा वेळा, डोळे मिटून, आत्ता ऑन आहे का ऑफ हे विसरेपर्यंत. आवाज उडी मारतोय असं वाटलं की लेव्हल कमी. दोन्हीकडं आवाज सारखा झाला आणि तरीही ऑन केलेलं आवडलं तरच तो पॅचमध्ये ठेवायचा. निम्म्या पोरांना या परीक्षेनंतर कॉम्प्रेसर नकोसा होतो आणि मला त्याचा आनंदच आहे.

थोडं गणित सांगतो. थ्रेशोल्ड, म्हणजे जिच्या वर गेलं की दाबणं सुरू होतं ती रेषा, उणे २० डीबीवर (डेसिबल, आवाजाचं माप) आहे, रेशो ४:१, म्हणजे रेषेवरच्या दर ४ डीबीतला १ च ठेवायचा, आणि तुमचा जोरातला स्ट्रोक उणे ८ ला जातोय. म्हणजे तो १२ डीबी वर गेला, कॉम्प्रेसर त्यातले ३ च ठेवणार, ९ डीबी दाबले गेले. आता ते ९ भरून काढायला तुम्ही लेव्हल ९ नं वाढवली. पण उणे ६० वर जी विजेची घूंऽऽ पडून होती ती थ्रेशोल्डच्या खाली होती, तिला कुणी दाबलंच नव्हतं, ती मात्र फुकटात ९ डीबी वर आली. हे गणित मी कागदावर नाही, स्टेजवर शिकलो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, गणपतीत एका मंडळापुढं ऑर्केस्ट्रा होता. आदल्या रात्री घरी हेडफोन लावून मी क्लीनचा, म्हणजे न फाटलेल्या आवाजाचा, पॅच बनवला, रेशो ८:१, थ्रेशोल्ड पार खाली, अटॅक (दाबायला किती वेळ घ्यायचा तो) सगळ्यात फास्ट, लेव्हल वर. हेडफोनमध्ये लोण्यासारखा वाजत होता, एकेक सूर गुळगुळीत, मी खुश. दुसऱ्या दिवशी स्टेजवर दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, ढोलक, आणि पहिल्याच गाण्यात माझी गिटार गायब. मी वॉल्यूम वाढवला, साउंडवाल्याला वाटलं मी मोठा होतोय, त्यानं माझा चॅनल खाली घेतला, मी परत वाढवला. मध्यांतरात तो येऊन म्हणला, "दादा, गिटार दिसलालीय, पण ऐकू येईना की बे." त्याची काही चूक नव्हती. ऐकू येण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं. पिक तारेला लागते तो टक्क असा पहिला ठोका, त्यावरून कानाला कळतं की इथं गिटार आहे, आणि तोच मी फास्ट अटॅकनं कापून टाकलेला. पूर्व भागात राहणाऱ्याला लूमचा, यंत्रमागाचा, आवाज माहितीय, त्यातला खटका काढून टाकला तर नुसती घरघर उरेल, तसं झालं.

आणि खरी फजिती तर गाणी थांबल्यावर. निवेदक बोलायला लागला, मी हात तारांवरून काढला, आणि सिंगल कॉइल पिकअपची गिटार, ती विजेची घूं पटकन पकडते, भोवती लाइटच्या माळा, डिमर, जनरेटर, कॉम्प्रेसरनं दाब सोडला तशी घूंऽऽ हळूहळू वर चढत गेली, निवेदकाच्या आवाजाखाली भरून राहिली. गायिकेनं मागं वळून बघितलं. पुढचे दीड तास मी प्रत्येक गाणं संपलं की गिटारचा वॉल्यूम नॉब शून्यावर नेत होतो आणि दोनदा पुढच्या गाण्याची सुरुवात चुकलो, कारण नॉब परत वर न्यायचं राहिलं.

त्या रात्री घरी येऊन मीटर बघितलं. काही प्रोसेसरमध्ये गेन रिडक्शनचं, म्हणजे किती दाबलं ते दाखवणारं, मीटर असतं ते कुणी बघतच नाही. माझं मीटर दहा-बारा डीबीवर चिकटलेलं, हळू वाजवलं तरी शून्यावर येईना. तेव्हापासून माझा नियम एकच आहे, जोरातल्या स्ट्रोकला मीटर ३ ते ५ डीबी हललं पाहिजे आणि हळू प्लकिंगला ते शून्यावर झोपलं पाहिजे. रेशो ३:१ च्या पुढं मी क्लीनला जात नाही. अटॅक २५-३० मिलिसेकंद, म्हणजे ठोका निघून जातो आणि मागचा सूर तेवढा सावरला जातो. आकडे पाठ करू नका, तुमचा हात माझा हात नाही, पण मीटर बघा.

अटॅकवरून आणखी एक, यात चांगले जुने वाजवणारेपण फसतात. यूआरईआय ११७६ म्हणून १९६७ चा स्टुडिओतला कॉम्प्रेसर आहे, बऱ्याच प्रोसेसरमध्ये त्याची नक्कल असते, नाव जरा बदलून. मूळ मशीनवर अटॅक आणि रिलीजचे (दाब सोडायला किती वेळ घ्यायचा त्याचे) नॉब उलटे आहेत, उजवीकडं फिरवलं की फास्ट होतं. काही कंपन्यांनी ते तसंच ठेवलंय, काहींनी सरळ केलंय. पोरगं स्लो करायला म्हणून उजवीकडं फिरवतं आणि होतं फास्ट, मग "सर ठोका मरतोय". शिवाय त्या मशीनचा अटॅक सगळ्यात स्लो केला तरी एक मिलिसेकंदाच्या आतच असतो, त्यामुळं ठोका मोकळा हवा असेल तर दुसरा कॉम्प्रेसर निवडा नाहीतर मिक्सचा नॉब अर्ध्यावर आणून मूळ आवाज त्यात सोडा. मी मिक्स वापरतो, जवळजवळ नेहमी.

रिलीज फार कमी ठेवू नका. सगळ्यात जाड, 'मी' सुराची (E) तार ८२ हर्ट्झला हलते, एक लाट साधारण १२ मिलिसेकंदांची. रिलीज त्याहून कमी गेला तर कॉम्प्रेसर लाटेच्या आतच दाब-सोड करतो आणि बेसचे सूर फाटतात. मग पोरं केबल बदलत बसतात.

डिस्टॉर्शनच्या (मुद्दाम फाडलेल्या आवाजाच्या) आधी कॉम्प्रेसर: बहुतेक वेळा नको. फुल गेनचा अँप स्वतःच आवाज दाबतो, त्याच्याआधी अजून दाबून हातात येते फक्त घूं आणि शिट्टी. सोलोला सूर लांबवायचाच असेल तर गेन जरा कमी करा मग आधी लावा. अँप मॉडेलमध्ये सॅग नावाचा नॉब असतो, तोसुद्धा दाबायचंच काम करतो, दोन्ही वर ठेवले तर चिखल होतो.

नॉइज गेट, म्हणजे वाजवत नसताना घूं बंद करणारा इफेक्ट, कॉम्प्रेसरच्या आधी. नंतर लावला तर वर आलेल्या घूंला अडवायला गेट जास्त कडक करावा लागतो आणि सुराचं शेपूट तुटतं.

डाउनलोड केलेला पॅच जसाच्या तसा वापरणं, याची मला खरंच चीड आहे. ज्यानं तो बनवला त्याच्याकडं गरम हंबकर (जोरदार आवाज देणारे पिकअप) होते, तुमच्याकडं सिंगल कॉइल. त्याचा थ्रेशोल्ड त्याच्या गिटारच्या जोरावर ठरलेला. तुमच्या गिटारला तो एकतर लागणारच नाही किंवा सतत लागून राहील. थ्रेशोल्ड पुन्हा लावायला दोन मिनिटं लागतात आणि ती दोन मिनिटंसुद्धा कुणाला द्यायची नसतात. पॅच शोधायला मात्र रात्री दोन वाजेपर्यंत जागतील.

नवीन पोरांना मी पहिलं वर्षभर कॉम्प्रेसर लावू देत नाही, त्यावरून दोघं-तिघं क्लास सोडूनही गेले. कारण सांगतो. अपस्ट्रोक हळू आणि डाउनस्ट्रोक मोठा पडतोय हे कानाला ऐकू आलं तरच हात सुधारतो, कॉम्प्रेसर ते झाकतो. अक्कलकोटच्या पोराला ६० च्या मेट्रोनोमवर (मिनिटाला ६० ठोके) नुसते अप-डाउन वाजवायला लावले, तीन महिने, बिचारा कंटाळला. आता तो कॉम्प्रेसर लावतो तेव्हा त्याचं मीटर जेमतेम २ डीबी हलतं.

हेडफोनवर बनवलेला पॅच स्पीकरवर, मागं एखादा ट्रॅक लावून ऐकल्याशिवाय सेव्ह करू नका. दोन गिटार असतील तर एकाच पॅचच्या दोन कॉपी करा, थ्रेशोल्ड वेगवेगळे लावा आणि नावातच गिटार लिहा. माझ्याकडं 'क्लीन काळी' आणि 'क्लीन लाल' असे दोन आहेत, स्टेजवर अंधारातपण चुकत नाही.