जुन्या मासेमारी होडीला मागे पोहण्याचा ओटा बसवताना

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात मासेमारीच्या फायबर होड्या पर्यटकांना स्नॉर्कलिंगसाठीही नेतात. अशा होडीची खरी अडचण माणूस पाण्यात उतरताना नव्हे, तर त्याला परत वर घेताना कळते. भिजलेल्या, दमलेल्या माणसाला उंच काठावरून चढता येत नाही. दोघांनी दंड धरून त्याला ओढावे लागते आणि तेवढ्यात होडी एका बाजूला कलते. मागे एक ओटा, म्हणजे पाण्यालगत उभे राहण्याची सपाट जागा, आणि शिडी बसवली की हा प्रश्न सुटतो, पण हे काम ओट्याचे कमी आणि ट्रान्समचे, म्हणजे जिच्यावर आउटबोर्ड इंजिन टांगलेले असते त्या मागच्या उभ्या भिंतीचे जास्त आहे.

जुन्या होडीच्या ट्रान्सममध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये बहुधा प्लायवूड असते आणि इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षे मुरलेले पाणी ते आतून कुजवते. म्हणून होडी किनाऱ्यावर ओढल्यावर प्रथम स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने दर पाच सेंटिमीटरवर ठोकून पाहावे. निरोगी जागी टणक, कोरडा आवाज येतो; कुजलेल्या जागी भद्द असा. शंका आली तर आतल्या बाजूने 4 मिमीचे भोक पाडून ड्रिलच्या पात्यावर आलेला भुसा बोटांत चुरून बघावा. तो फिकट आणि कोरडा असेल तर पुढे जावे. काळपट, ओला आणि आंबूस वासाचा असेल तर ओट्याचा विचार बाजूला ठेवून आतला थर कापावा व मरीन प्लाय (पाण्यात टिकणारे प्लायवूड) नवे घालावे. ही दुरुस्ती टाळून केलेले काम पहिल्याच हंगामात उखडून येते.

भाराचा हिशेब सोपा आहे, पण तो करणारे थोडे. ओटा 60 सेंमी रुंद आहे आणि प्रत्येकी 80 किलोचे दोघे भिंतीपासून 55 सेंमीवर उभे आहेत असे धरले, आणि वरचे बोल्ट व खालच्या आधारात 30 सेंमी अंतर असले, तर वरच्या बोल्टांवर सुमारे 290 किलोची ओढ येते. लाटेचे हादरे यात धरलेले नाहीत. यासाठी 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे ब्रॅकेट आणि 10 मिमीचे आरपार बोल्ट घ्यावेत आणि आतून केवळ वॉशर न लावता रुंद आधारपट्टी द्यावी.

प्रत्येक भोक आधी 16 मिमीचे पाडून त्यात इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारे रेझिन) भरावी आणि ती घट्ट झाल्यावर मधोमध 10 मिमीचे भोक पाडावे, म्हणजे गळती झाली तरी पाणी प्लायपर्यंत पोहोचत नाही. बोल्टाला पॉलियुरेथेन सीलंट लावावे. आवळताना बोल्ट स्थिर धरून नट फिरवावा, कारण बोल्ट फिरला की सीलंटची पकड तुटते. पॉलिएस्टर रेझिन वापरणाऱ्यांनी कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) आणि हार्डनर (ते घट्ट करणारे द्रव्य) एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, कारण त्यांचा भडका उडतो. फायबरचे काम पावसाळ्यापूर्वी, कोरड्या हवेत उरकावे.

ओट्याची उंची रिकाम्या होडीवर मोजण्याची चूक मी स्वतः केली आहे. नंतर चार माणसे मागे बसली तेव्हा ओट्याचा पृष्ठभाग पाण्याला टेकला आणि चालत्या होडीत लाटा त्याच्या खाली आपटू लागल्या. त्यामुळे इंजिन, इंधन आणि माणसे धरून होडी पाण्यात ठेवावी, खडूने पाण्याची रेघ मारावी आणि ओट्याची खालची बाजू त्या रेघेच्या किमान 15 सेंमी वर ठेवावी. इंजिन पूर्ण वर उचलून आणि दोन्ही बाजूंना वळवून कुठे घासत नाही ना, तेही पाहावे. जागा अपुरी असेल तर ओट्याचे दोन तुकडे करून इंजिनाच्या दोन्ही बाजूंना बसवावेत.

पृष्ठभागाला सागवानी पट्ट्या लावाव्यात आणि त्यांच्यात सुमारे 10 मिमीची फट ठेवावी, म्हणजे लाटेचे पाणी वर साचत नाही. शिडीची शेवटची पायरी पाण्याखाली किमान 55 ते 60 सेंमी गेली पाहिजे, नाहीतर पोहणाऱ्याला पाय टेकवता येत नाही. ओटा पिनांवर निघणारा केला तर मासेमारीच्या दिवसांत जाळे त्यात अडकत नाही. प्रवासी नेणार असाल तर असा बदल करण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात विचारून घ्यावे. कोणी शिडीवर असताना इंजिन बंदच असले पाहिजे, यात तडजोड नको.

काम झाल्यावर प्रत्येक नटापासून आधारपट्टीपर्यंत रंगाची एक रेघ ओढावी. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर ती तुटलेली किंवा सरकलेली दिसली, तर तो नट सैल झाला आहे.