ब्लॅक अँड व्हाइट की कलर? फोटोचा मूड घालवणाऱ्या या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे फोटो फसला की करा ब्लॅक अँड व्हाइट. रंगांचा गोंधळ जातो हे खरं, पण सपाट उजेड सपाटच राहतो आणि आता तर त्याला सांभाळून घ्यायला रंगही नाहीत. 'कागज के फूल' (1959) हा सिनेमा बघा, कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून ऊन वळवून स्टुडिओत आणलं, त्या झोतात आणि भोवतीच्या काळोखात काय एकटेपणा उतरलाय! म्हणून आधी उजेड कुठून येतोय ते बघा, रंगाचं नंतर.

लग्नाच्या फोटोंत तर हमखास होणारी गोष्ट, लाल शालू आणि हिरवा चुडा, डोळ्यांना केवढा फरक दिसतो, पण सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) शून्य केलं की दोन्ही बऱ्याचदा एकाच करड्या शेडमध्ये जातात आणि चुडा गायब. त्यापेक्षा एडिटिंग अ‍ॅपमधलं बी अँड डब्ल्यू मिक्स वापरा, त्यात प्रत्येक मूळ रंगाचा करडा किती उजळ की गडद ते वेगळ्या स्लायडरने ठरवता येतं, हिरवा थोडा वर, लाल थोडा खाली, ऑरेंजला मात्र जपून हात लावा कारण आपल्या स्किनचा टोन बराचसा तिथेच असतो. आणि हळदीचे फोटो प्लीज कलरच ठेवा. पिवळा स्लायडर खाली गेला की गालावरची हळद चिखलासारखी दिसते, वर नेला तर स्किनमध्ये मिसळून जाते, मग त्या फोटोत हळद उरली कुठे?

कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवून शूट करायला काहीच हरकत नाही, पण सोबत रॉ फाइल (सेन्सरचा रंगांसकट कच्चा डेटा) घ्या, नुसत्या जेपेगमध्ये गेलेले खरे रंग परत येत नाहीत.

समईच्या उजेडात ऑटो व्हाइट बॅलन्स नको, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोतले रंग सुधारायचं काम कॅमेऱ्यावर सोडू नका. ज्योतीचा उजेड साधारण 1900 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाचा रंग मोजायचं एकक), म्हणजे केशरी, कॅमेरा तो पांढरा करायला बघतो आणि देवघराची ऊबच जाते. डेलाइटवर ठेवा, फारच केशरी वाटलं तर केल्विनचा आकडा थोडा कमी करा.

व्हिडिओवाल्यांनी डाउनलोड केलेला टील-ऑरेंज (निळसर-हिरवा आणि केशरी) लट, म्हणजे LUT, रंग बदलणारा तयार प्रीसेट, डोळे झाकून लावू नये. बरेचसे लट लॉग फुटेजसाठी, म्हणजे मुद्दाम फिकट आणि कमी कॉन्ट्रास्टमध्ये शूट केलेल्या व्हिडिओसाठी बनवलेले असतात, मोबाइलच्या नॉर्मल क्लिपवर लावले की कॉन्ट्रास्ट डबल होतो, सावल्या काळ्याकुट्ट आणि चेहरे भाजल्यासारखे. आधी एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स नीट करा, मग लट निम्म्या इंटेन्सिटीवर लावून चेहरे बघा, तरी विचित्र दिसले तर सरळ काढून टाका.