शेंगा विकायच्या आधी मॉइश्चर मीटर नीट कसा वापरायचा

उन्हाळी भुईमूग काढला की पावसाच्या भीतीने माल पोत्यात भरायची घाई होते, पण दाण्यात ओल राहिली की बुरशी धरते आणि व्यापारी भाव पाडतो ते वेगळंच. दाण्याचा ओलावा ८ टक्क्यांच्या आत पाहिजे, ठेवायचा असेल तर ७ धरा. शेंग कानाशी हलवली की खुळखुळ वाजते, दाण्याची लाल साल चिमटीत चोळली की सुटते, या जुन्या खुणा बरोबरच आहेत, पण ८ आणि १० मधला फरक त्यात कळत नाही, तिथंच मीटर लागतो.

मीटर घेताना आधी बघा की त्यात शेंग आणि दाणा असे वेगळे कोड, म्हणजे मालाप्रमाणे निवडायची सेटिंग, आहेत का. कपवाला मीटर ओलावा थेट मोजत नाही, कपातल्या मालाचा विजेवर काय परिणाम होतो त्यावरून काढतो, त्यामुळे सोयाबीनच्या कोडवर शेंगदाणे टाकले तरी तो बिनधास्त आकडा दाखवणार, फक्त खोटा.

नमुना पोत्याच्या तोंडातला घेऊ नका राव! ढिगाच्या मधून, तळातून, कडेने मूठ मूठ घ्या, मिसळा, फोडा, माती-टरफलं काढा. उन्हातून उचललेला माल सावलीत गार होऊ द्या. मग दाणे कपात नुसते ओतायचे, दाबायचे नाहीत, कप आपटायचा पण नाही, कारण माल घट्ट बसला की आकडा बदलतो. तीनदा रिकामा करून भरा आणि सरासरी काढा, एखादा आकडा लांबच गेला तर नमुना नीट मिसळलेला नाही. रात्रभर ढीग करून ठेवून सकाळी परत मोजलं तर अजून भारी, आतली ओल तोवर बाहेर येते.

हाताशी काटा असेल तर उतारापण काढा, ५०० ग्रॅम शेंगांतून ३५० ग्रॅम दाणे म्हणजे ७० टक्के.

अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीतून तयार होणारं विष, मात्र मीटरला दिसत नाही. मिलमधला कलर सॉर्टर कॅमेऱ्याने रंग बघून खराब दाणा हवेच्या झटक्याने उडवतो, पण तोही फक्त रंगच बघतो, त्यामुळे एक्सपोर्टचा माल लॅबला द्यावाच लागतो, युरोपात थेट खायच्या शेंगदाण्याला एकूण ४ पीपीबीचीच, म्हणजे अब्ज भागांत ४ भागांचीच मुभा आहे. घरी निवडून काढलेले काळे, बुरशीचे दाणे घाण्याला घालू नका, पेंडीतून ते विष गाईच्या पोटात जातं आणि दुधात उतरतं.